घड्याळ नेमकं कधी सुरू झालं? आइस हॉकीतला वेग मोजण्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात दोन आकड्यांनी करू. १३.३१० आणि १३.०२. दोन्ही आकडे सेकंदांचे आहेत. दोन्ही एकाच खेळाडूचे, एकाच संध्याकाळचे, एकाच बर्फावरचे. जानेवारी २०१७, लॉस एंजेलिस, एनएचएलच्या ऑल-स्टार मेळाव्यातली सर्वात वेगवान स्केटरची स्पर्धा. खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड.

आता मला सांगा, याचा खरा वेग कोणता?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, कमी वेळ लागला तो. पण थांबा. पहिल्या फेरीत तो रेषेवर उभा राहून निघाला होता. दुसऱ्या फेरीत त्याला रेषेच्या मागून वेग घेत यायची मुभा मिळाली, आणि घड्याळ सुरू झालं तेव्हा तो आधीच पळत होता. फरक फक्त ०.२९ सेकंदांचा. पण ताशी ४० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात माणूस ३ मीटर पुढे जातो. हॉकीत ३ मीटर म्हणजे समोरचा बचावपटू पार मागे पडला!

हॉकीतला वेग मोजण्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. घड्याळ कधी सुरू झालं, आणि कोणी ठरवलं?

टोपणनावांचा काळ

आइस हॉकीचा पहिला बंदिस्त, आखीव सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात झाला असं मानतात. व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर. पुढे १९१७ साली एनएचएल ही लीग सुरू झाली. म्हणजे खेळ चांगलाच जुना आहे. पण कितीतरी दशकं यात वेग मोजण्याचं साधन काय होतं? तर टोपणनाव!

१९२३ पासून माँट्रियलकडून खेळणारा हॉवी मोरेंझ. त्याला म्हणायचे 'स्ट्रॅटफर्ड स्ट्रीक', म्हणजे स्ट्रॅटफर्ड गावचा विजेचा लोळच समजा. बॉबी हल झाला 'गोल्डन जेट'. इव्हान कुर्नोयेला नाव पडलं 'रोडरनर', त्या कार्टूनमधल्या सुसाट पक्ष्यावरून. जो वेगवान दिसतो तो वेगवान. विषय संपला.

बरं, स्टॉपवॉच नव्हतं का? होतं की. पण हातातल्या घड्याळाची एक गंमत असते. सुरुवातीचा इशारा झाला की बटण दाबणारा माणूस आधी ऐकतो किंवा बघतो, मग दाबतो. उशीर होतोच. शेवटी मात्र त्याला खेळाडू येताना दिसत असतो, त्यामुळे बोट बरोबर वेळेवर पडतं. परिणाम? हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी येते, म्हणजे खेळाडू आहे त्याहून वेगवान दिसतो. ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. शेवटी पहिला आणि चौथा यांच्यात तेवढासुद्धा फरक नसतो!

चुंबक बांधून पळणारी माणसं

या गोष्टीतला पहिला मोठा धक्का हॉकीतून आलाच नाही. तो आला धावण्याच्या ट्रॅकवरून. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल, स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालेला माणूस. १९२७ च्या सुमारास तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात होता. तिथे त्याने एक भन्नाट युक्ती केली. धावपटूच्या अंगावर चुंबक बांधलं आणि ट्रॅकच्या कडेने ठरावीक अंतरावर तारांची वेटोळी ठेवली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की तारेत क्षणभर वीज निर्माण व्हायची, आणि त्या क्षणाची नोंद व्हायची. ना बोट, ना बटण, ना डोळा.

यातून फक्त 'शर्यतीला किती सेकंद लागले' एवढंच कळलं नाही. मधल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, ते कळलं. आलेख काढला तर एक सुंदर वक्र मिळाला. सुरुवातीला वेग झपाट्याने चढतो, मग चढण मंदावते आणि वेग एका पातळीला टेकतो. तुमची लोकल स्टेशन सोडते तेव्हा होतं ना, पहिल्या काही क्षणांत सगळे मागे झुकतात आणि मग गाडी एका लयीत लागते. तसंच.

म्हणजे वेग ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. एक, तुमचा कमाल वेग किती. दोन, तिथवर तुम्ही किती लवकर पोचता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७२ चा धक्का

आता परत बर्फावर येऊ. २ सप्टेंबर १९७२. माँट्रियल फोरम. कॅनडाचे एनएचएलमधले नावाजलेले व्यावसायिक खेळाडू विरुद्ध सोव्हिएत संघ. कॅनडात सगळ्यांना खात्री होती की आपण सहज जिंकणार. पहिल्या ७ मिनिटांत कॅनडा २-० पुढेही गेला. आणि मग सोव्हिएत खेळाडूंनी जो वेग लावला, की सामना संपला ७-३ वर. सोव्हिएत संघाच्या बाजूने!

आठ सामन्यांची ती मालिका शेवटी कॅनडाने जिंकली, पण कशी? २८ सप्टेंबरला मॉस्कोत, शेवटच्या सामन्यात, फक्त ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला म्हणून. सोव्हिएत संघाकडे अनातोली तारासोव्हच्या तालमीतली पिढी होती. बर्फाबाहेरची कसरत आणि वर्षभराचा सराव त्यांच्या अंगात मुरलेला होता. एनएचएलचे खेळाडू मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शिबिरात येऊन फिटनेस कमवायचे. हा फरक सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला.

त्या दशकात कॅनडातल्या विद्यापीठांनी हॉकीपटूला प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेला रिंकवर नेलं. वॉटर्लू विद्यापीठातल्या हॉवर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सामन्यात खेळाडू नेमका किती वेळ आणि कसा हलतो, शरीरावर किती ताण येतो हे मोजलं. पुढे मॅकगिल विद्यापीठाच्या डेव्हिड मॉन्टगोमेरी यांनी १९८८ साली अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. चित्र असं होतं: ६० मिनिटांच्या सामन्यात एक खेळाडू साधारण १५ ते २० मिनिटं बर्फावर असतो. एका वेळी ३० ते ८० सेकंद, याला म्हणतात शिफ्ट. मग बाकावर ४-५ मिनिटं विश्रांती. आणि शिफ्टमध्येसुद्धा खरा जोर लागतो तो दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत.

आलं लक्षात? हॉकीतली स्प्रिंट म्हणजे १०० मीटरची सरळ शर्यत नाही. ती खो-खोसारखी आहे. उठा, झेपवा, वळा, थांबा, परत उठा. मग मोजायचं काय? एकदा पळायला किती वेळ लागला ते? की सहाव्यांदा पळताना किती लागला ते?

तीनशे फूट, सहा वेळा

१९७० च्या दशकाच्या शेवटी रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला उत्तर दिलं. गोल रेषेवरून निघायचं, समोरच्या गोल रेषेपर्यंत जायचं, वळायचं आणि सुटलो तिकडच्या निळ्या रेषेपर्यंत परत यायचं. एकूण ३०० फूट, म्हणजे ९१.४ मीटर. असं सहा वेळा. आणि मेख अशी की दर ३० सेकंदांनी पुढची फेरी सुरू. समजा तुम्हाला १५ सेकंद लागले, तर १५ सेकंद विश्रांती. दमून १७ लागले, तर विश्रांती १३ च! जो थकतो त्याला सावरायला वेळही कमी मिळतो. अगदी सामन्यासारखं.

यातून एकाच्या जागी तीन उत्तरं मिळतात. सर्वात चांगली फेरी किती सेकंदांची, सहाही मिळून किती, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत घसरण किती. पहिल्या फेरीचा राजा सहाव्या फेरीत सातवा-आठवा निघू शकतो. प्रशिक्षकाला शेवटच्या पाच मिनिटांत कोणाला उतरवायचं ते इथे कळतं.

पण इतिहास इथेही चिमटा काढतो. ही चाचणी रिंकवरच्या रेषांना बांधलेली होती. आणि रेषा हलल्या! आजच्या एनएचएल रिंकवर गोल रेषेपासून गोल रेषा १७८ फूट आहे, आणि तिथून परत पलीकडच्या निळ्या रेषेपर्यंत ११४ फूट. बेरीज २९२. ८ फूट कुठे गेले? नियमांनी खाल्ले. आंतरराष्ट्रीय रिंकची मापं तर आणखी वेगळी. म्हणजे 'रेषेपासून रेषेपर्यंत' असं म्हणून १९७९ च्या आणि आजच्या खेळाडूची तुलना केलीत, तर आजचा पोरगा फुकटात वेगवान ठरतो.

सायकलवर बसवलेला स्केटर

रिंक मिळणं महाग, बर्फ रोज वेगळा. म्हणून बरेच जण सोप्या मार्गाने गेले. १९७० च्या दशकात इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये एक चाचणी तयार झाली. जागच्या जागी उभ्या सायकलवर ३० सेकंद जीव तोडून पॅडल मारायचं. तिला विंगेट चाचणी म्हणतात. एनएचएलमध्ये तरुण खेळाडूंची निवड होण्याआधी जी शारीरिक चाचणी होते, तिच्यात ही सायकल असते, उड्या असतात, पकडीची ताकद असते. आणि गंमत बघा, बर्फावर एक पाऊलही टाकावं लागत नाही! हॉकीपटू निवडायचा आणि त्याला स्केट करताना मोजायचंच नाही.

हे चालतं का? थोडंफार. मायकेल ब्रॅको आणि सहकाऱ्याने २००१ साली महिला हॉकीपटूंवर केलेल्या अभ्यासात, बर्फाबाहेरच्या चाचण्यांपैकी ४० यार्डांची साधी धाव ही स्केटिंगच्या वेगाचा सर्वात चांगला अंदाज देणारी ठरली. पण अंदाज तो अंदाजच.

कारण बर्फावर पाय वेगळं काम करतो. रस्त्यावर तुम्ही जमिनीला मागे ढकलता आणि पुढे जाता. बर्फावर तसं सरळ मागे ढकललं तर पातं घसरतं. म्हणून स्केटर पाय बाहेर वळवून बाजूला ढकलतो. विंडसर विद्यापीठाच्या वेन मरिनो यांनी १९७० च्या दशकात स्केटरच्या हालचालींचं बारकाईने चित्रीकरण आणि मापन केलं. त्यात दिसलं की वेग वाढवताना खेळाडू ढांगेची लांबी फारशी वाढवत नाहीत, ढांगांची संख्या वाढवतात. सुटताना पहिल्या काही ढांगा जवळजवळ धावण्यासारख्या असतात, घसरत जाणं नंतर येतं. म्हणजे हिलच्या वक्राचे दोन भाग बर्फावर अक्षरशः दोन वेगळी कौशल्यं आहेत.

आणि चाचणीवरून माणूस निकालात काढायचा असेल, तर सॅम बेनेटची गोष्ट ऐका. २०१४ च्या त्या निवड चाचणीत त्याला बारला लटकून एकही पुल-अप मारता आला नाही. बातम्या झाल्या, थट्टा झाली. तरी कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडला. आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनली कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू कोण? हाच बेनेट.

प्रकाशाची दोरी आणि लांब काठी

मग आले लाइट गेट. दोन खांब, मधून प्रकाशाचा किरण. खेळाडू गेला, किरण तुटला, घड्याळ सुरू. पुढच्या खांबांशी परत तुटला, घड्याळ बंद. बोटाची चूक गेली. पण हॉकीत खेळाडूच्या हातात काय असतं? स्टिक! शरीर मागेच आणि स्टिक पुढे गेली की किरण तुटतो, घड्याळ सुरू होतं. म्हणून किरणाची उंची किती, स्टिक कुठे धरायची, खेळाडूने रेषेच्या किती मागे उभं राहायचं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. सुरुवातीला वेग कमी असतो, त्यामुळे अर्धा मीटर मागे-पुढे उभं राहिलात तरी वेळेत मोठा फरक पडतो. त्याच अर्ध्या मीटरला शर्यतीच्या शेवटी काही किंमत नसते.

आता परत ऑल-स्टारकडे जाऊ, म्हणजे मॅकडेव्हिडचे ते दोन आकडे नीट उलगडतील.

जानेवारी १९९६, बॉस्टन. ३६ वर्षांचा माइक गार्टनर. आयुष्यात ७०८ गोल करणारा खेळाडू. त्याने रिंकची फेरी १३.३८६ सेकंदांत मारली. याच मेळाव्यात टीव्हीवर आणखी एक नवलाई आली. फॉक्स वाहिनीने पकच्या आत यंत्रणा बसवली होती. पडद्यावर पक निळा चमकायचा, आणि वेग ताशी ७० मैलांच्या वर गेला की मागे लाल शेपूट दिसायची. प्रेक्षकांनी नाकं मुरडली, १९९८ मध्ये ते बंद झालं. पण विचार करा, पकच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसलं होतं, आणि खेळाडूच्या अंगावर तसं काही यायला अजून पंचवीस वर्षं होती.

गार्टनरचा विक्रम २० वर्षं टिकला. २०१६ मध्ये नॅशव्हिलला १९ वर्षांच्या डिलन लार्किनने १३.१७२ सेकंद घेतले. विक्रम मोडला! पण लार्किन आधीच वेग घेऊन रेषेवर आला होता. मग पुढच्या वर्षी मॅकडेव्हिडला दोन्ही प्रकारे पळवलं, आणि आपल्याला ते दोन आकडे मिळाले. उभ्याने सुटला तेव्हा १३.३१०, म्हणजे ३६ वर्षांच्या गार्टनरपेक्षा जेमतेम ०.०७६ सेकंद कमी. जगातला सर्वात वेगवान मानला जाणारा विशीतला मुलगा, वीस वर्षांनी, नवी स्केट्स, नवं प्रशिक्षण. आणि फरक एवढाच. सुरुवातीची अट लिहून ठेवली नसती तर गार्टनर किती मोठा होता हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

१४.३४६

मापनाने माणसाचं काय होतं, याचं सर्वात चांगलं उदाहरण २५ जानेवारी २०१९ चं आहे. सॅन होजे. जखमी नेथन मॅकिननच्या जागी अमेरिकेच्या महिला संघातली केंडल कॉइन स्केटर म्हणून उतरली. या कौशल्य स्पर्धेत भाग घेणारी पहिली महिला. तिची वेळ १४.३४६ सेकंद. आठ जणांत ती सातवी आली, क्लेटन केलर तिच्या मागे राहिला. विजेता मॅकडेव्हिड, १३.३७८. फरक एका सेकंदाहून कमी.

'बायकांची हॉकी संथ असते' हे वाक्य तोपर्यंत टोपणनावांसारखंच चालत होतं, मोजल्याशिवाय. त्या रात्री तीच रेषा, तोच बर्फ, तेच घड्याळ होतं, आणि वाक्याच्या जागी आकडा आला. दोनच महिन्यांनी कॅनडातल्या महिलांच्या लीगने बंद होत असल्याचं जाहीर केलं. आज जी पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग दिसते, ती जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एका फेरीने लीग उभी राहत नाही, हे खरं. पण वाद घालायला हातात आकडा असणं आणि नसणं यात फरक आहे.

आता सगळंच मोजलं जातं

२०२१ नंतर एनएचएलमध्ये खेळाडूंच्या जर्सीवर सेन्सर आले, पकमध्येही आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लीगने हे आकडे 'एज' नावाने सगळ्यांसाठी खुले केले. कोणी किती वेळा ताशी २० मैलांच्या वर गेला, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या वर, ते मोबाइलवर बघता येतं. सर्वात वरची पायरी २२ मैलांपुढची, म्हणजे ३५ किलोमीटरच्या पुढची.

आता चमकाल. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांत १०० मीटर पळताना मधे ताशी ४४ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. पायाने! मग स्केट्सवाले मागे का? कारण रिंक फक्त ६१ मीटर लांब, अंगावर पॅड, समोर आडवे येणारे पाच जण. उघड्या बर्फावर लांब ट्रॅकचे स्केटर ५०० मीटर ३४ सेकंदांच्या आत जातात, म्हणजे सरासरी ताशी ५३ किलोमीटर. हॉकीत तेवढी जागाच नाही. म्हणून तिथे कमाल वेगापेक्षा तो गाठायला किती क्षण लागले हे मोलाचं.

आणि इथे म्हातारा हिल परत येतो. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या पिएर सामोझिनो, जाँ-बेनुआ मोरँ आणि सहकाऱ्यांनी धावपटूंसाठी एक सोपी पद्धत मांडली. वेगाचा तोच वक्र रडार गनने पकडायचा, आणि त्यातून खेळाडू किती बल, किती ताकद लावतो ते काढायचं. पुढे संशोधकांनी ती हॉकीपटूंवर, बर्फावर वापरली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी चुंबक बांधून काढलेला वक्र आज रडारमधून निघतोय.

तुमच्या खिशातलं घड्याळ

जाता जाता, हे सगळं तुमच्या कामाचं आहे. तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन असेल, तर सेकंदाला २४० चित्रं येतात. म्हणजे ०.००४ सेकंदांपर्यंत बारकाई. १९७२ मधल्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या स्टॉपवॉचपेक्षा जास्त. स्केटिंग असो, धावणं असो, कबड्डीतली झेप असो. पण चार गोष्टी आधी ठरवा आणि लिहून ठेवा. सुरुवात उभ्याने की पळत? घड्याळ कशावर सुरू, इशाऱ्यावर की पहिल्या हालचालीवर? अंतर रेषांनी धरलं की टेपने मोजलं? आणि एकदाच पळवलं की सहा वेळा?

आणि उद्या कोणी निवड चाचणीत तुम्हाला किंवा तुमच्या धाकट्या बहिणीला एक आकडा दाखवून 'कमी पडलीस' म्हणालं, तर रागावू नका, रडू नका. शांतपणे विचारा, घड्याळ नेमकं कधी सुरू झालं होतं? उत्तर देता आलं नाही, तर पुन्हा मोजायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि मोजत राहा!